वेष्टनासकट पहिली आवृत्ती

'द ग्रेट गॅट्सबी'ची १९२५ ची पहिली आवृत्ती समोर आली, की जाणकार संग्राहक आधी पुस्तक पालथं करतो. वेष्टनाच्या मागच्या मजकुरात नायकाच्या नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर चुकून स्मॉल छापलं गेलं होतं. प्रकाशक 'स्क्रिब्नर्स'नं त्यावर शाईनं कॅपिटल अक्षर उमटवून घेतलं. ती दुरुस्ती दिसली, की वेष्टन सुरुवातीच्या छपाईचं.

पहिल्या छपाईत वीस हजारांहून जास्त प्रती निघाल्या, त्यामुळे पुस्तक तसं दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे ते फ्रान्सिस कुगाटनं चितारलेलं निळं वेष्टन. त्या काळी वाचक ते काढून टाकून देत. शिवाय ते पुस्तकापेक्षा किंचित उंच होतं, म्हणून राहिलं तिथेही वरची कड फाटलेली. वेष्टनाविना प्रत काही हजार डॉलरना मिळते. चांगल्या वेष्टनासह तीच लाखाच्या पुढे जाते. निव्वळ कागदाला एवढी किंमत? मला ती रास्त वाटते. कादंबरी थोर ठरायच्या आधी ती दुकानात कशी दिसत होती, हे फक्त तोच कागद सांगतो.

पहिली छपाई ओळखायच्या खुणा प्रकाशकागणिक बदलतात. 'द ओल्ड मॅन अँड द सी' (१९५२) मध्ये हक्कपृष्ठावर 'ए' हे अक्षर हवं. 'हॅरी पॉटर'च्या पहिल्या पुस्तकात (१९९७) दहापासून एकपर्यंत आकड्यांची ओळ हवी, एक धरून. त्याच्या पुठ्ठाबांधणीच्या जेमतेम ५०० प्रती निघाल्या आणि बऱ्याच ग्रंथालयांत गेल्या. तिथे शिक्के बसले, पानं हाताळून मळली. कोरी करकरीत प्रत म्हणूनच सहसा सापडत नाही.

संग्राहकांच्या भाषेत 'फाइन' म्हणजे जवळपास नवी प्रत: कण्याचा रंग उडालेला नाही, पानांवर तांबूस ठिपके नाहीत, वेष्टनाच्या कोपऱ्यातली किंमत कापलेली नाही. भेट देताना किंमत कापायची रीत होती, त्यात कितीतरी वेष्टनं गेली. नवख्यानं दहा कळकट प्रतींऐवजी आवडत्या कादंबरीची एकच स्वच्छ प्रत घ्यावी.

आपल्याकडे वाचनालयं मूळ मुखपृष्ठ काढून जाड बाइंडिंग करत आली, उरलेल्या प्रतींना पावसाळी दमट हवा आणि कसर. साठच्या दशकातली एखादी मराठी कादंबरी मूळ रूपात घरी असेल, तर फाटल्या जागी सेलोटेप लावू नका. त्याचा डिंक कागद पिवळा करतो आणि डाग जात नाही. वेष्टनावर पारदर्शक पॉलिएस्टरचं आवरण घाला, उन्हापासून दूर, हवेशीर कपाटात उभी ठेवा.