श्वास आम्लही बाहेर टाकतो

१९५२च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनचे ब्लेगडॅम रुग्णालय पोलिओच्या रुग्णांनी भरून गेले होते. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या ज्या पहिल्या ३१ रुग्णांना त्या काळच्या श्वसनयंत्रांवर ठेवले, त्यांतले २७ दगावले. रक्ततपासणीत बायकार्बोनेट वाढलेले दिसे. हा अल्कधर्मी घटक, तेव्हा रक्त अल्कधर्मी झाले असावे असा डॉक्टरांचा तर्क होता. मात्र तसे का व्हावे, हे कळेना.

भूलतज्ज्ञ ब्यर्न इब्सेन यांनी त्याच आकड्याचा वेगळा अर्थ लावला. रुग्णांचा श्वास अपुरा पडतोय, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड आत साचतोय आणि रक्त उलट आम्लधर्मी होतेय, असे त्यांचे म्हणणे होते. मोजणीने ते खरे ठरवले. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवायची आणि रबरी पिशवी हाताने दाबत राहायचे, हा त्यांचा उपाय. त्यासाठी शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाचे मूळ इथे आहे.

यामागचे रसायन साधे आहे. पेशींत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड रक्तातल्या पाण्याशी मिळून कार्बोनिक आम्ल बनतो. फुफ्फुसांत हीच क्रिया उलटी होते आणि वायू बाहेर पडतो. मूत्रपिंडेही आम्ल काढतात, पण फुफ्फुसांतून दिवसभरात त्याच्या शंभर पटींहून अधिक आम्ल वायुरूपाने निघून जाते. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो, त्यात याचा मोठा वाटा आहे. कार्बन डायऑक्साइड जरासा वाढला तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतल्या संवेदी पेशींना ते कळते आणि श्वास खोल होतो. श्वासाची गती एरवी ऑक्सिजनपेक्षा याच वायूवर ठरते, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ सालीच दाखवले होते.

मधुमेहात रक्तात कीटोआम्ले साचली की रुग्ण खोल, धापा टाकल्यासारखा श्वास घेऊ लागतो. जर्मन वैद्य कुसमाउल यांनी १८७४ साली त्याचे वर्णन केले. नातेवाइकांना तो दमा वाटू शकतो. प्रत्यक्षात फुफ्फुसे जादा आम्ल काढून टाकण्यासाठी झटत असतात. अशा रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यायला हवे.

कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आले. पण तो ऑक्सिजन मोजतो, कार्बन डायऑक्साइड नाही. ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाचा आकडा ९८ असला, तरी श्वास उथळ असेल तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत असू शकतो. ते समजण्यासाठी सहसा धमनीतले रक्त तपासावे लागते.