दुर्बिणीचे ऑपरेशन आणि बुडालेली मजुरी

पित्ताशयात खडे झाले आहेत, पिशवी काढावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले की आमच्या सोलापुरातील बिडी कामगार बाई प्रथम काय विचारते? 'टाके किती?' हे नव्हे. 'सूप पुन्हा मांडीवर केव्हा घेता येईल?' हे विचारते. मजुरी हजार विड्यांवर. हात थांबला की चूल अडली. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळाही आमची सातवीत सुटली. परंतु कामगारांबरोबर दवाखान्यांच्या बाकांवर बसून आणि मिळेल ते वाचून जे उमगले, ते या बाईच्या प्रश्नाला धरून येथे मांडतो.

खडे आहेत म्हणून सर्वांनाच शस्त्रक्रिया लागते असे नाही. पुष्कळांच्या पोटात ते निमूट पडून असतात. कळा येऊ लागल्या, की मात्र नुसते खडे काढून भागत नाही, कारण पिशवी राहिली तर ते पुन्हा होतात. पित्त तयार होते यकृतात. पिशवी हे त्याचे साठवण. तिच्यावाचून माणसाचे अडत नाही.

बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली पोट उघडून ती प्रथम काढली. पुढे शंभर वर्षे तोच रिवाज चालला. १९८५ मध्ये जर्मनीतच एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीने ती काढली, तेव्हा त्यांच्या व्यवसायबंधूंनी ते फारसे मनावर घेतले नाही. आपल्या देशात १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया केली.

रूढ पद्धत चार छिद्रांची. वायूने पोट फुगवायचे, बेंबीपाशी कॅमेरा, छातीच्या हाडाखाली मुख्य हत्यार, आणि उजवीकडील दोन छिद्रांतून पिशवी धरून ठेवायची. कोणी एक छिद्र वगळून तिनांत भागवतात. कोणी बेंबीतल्या एकाच छेदातून सर्व काम करतात. व्रण दिसत नाही. पण एका खिडकीतून दोघांनी हात घालून तुटलेला धागा सांधावा, तशी हत्यारे एकमेकांवर आदळतात आणि वेळ अधिक लागतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत अशा रोग्यांत बेंबीपाशी हर्निया अधिक आढळला. हमालाला हर्निया म्हणजे दुसरे ऑपरेशन, दुसरा खाडा! सुबक बेंबीसाठी ही किंमत आम्हाला जड वाटते.

आणखी एक पद्धत आहे, तिची जाहिरात कोणी करीत नाही: दुर्बीण नाही, बरगडीखाली लहानसा छेद. इंग्लंडात शेफील्डला दोन्ही पद्धतींची तुलना झाली. ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. रोगी २००, आणि कोणाचे काय केले हे कळू नये म्हणून सर्वांच्या पोटावर पट्ट्या सारख्याच! रुग्णालयातील दिवसांत वा कामावर परतण्यात फरक दिसला नाही. आज मात्र दुर्बिणीवर बसलेले हात अधिक, हेही खरे.

खरा धोका छिद्रांच्या संख्येत नाही. पिशवीची नळी समजून यकृताची मुख्य पित्तनळी कापली गेली, तर रोगी जन्माचा अडकतो. म्हणून अमेरिकेतील स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली नियम घातला: पिशवीचा खालचा भाग यकृतापासून मोकळा करावा, तिच्याकडे जाणारी नळी आणि रक्तवाहिनी अशा दोनच वस्तू स्वच्छ दिसाव्यात, मगच कात्री चालवावी. सूज इतकी असेल की हे दिसतच नाही, तर पोट उघडावे. डॉक्टरांनी तसे केले म्हणून कोणी त्यांच्याशी भांडू नये. आम्ही एकदा अज्ञानाने भांडलो आहोत.

आता त्या बाईचा प्रश्न. दुर्बिणीने सुरळीत झाले तर बहुधा एकदोन दिवसांत घर, आठपंधरा दिवसांत बसून करण्याचे काम. ओझे उचलण्यास त्याहून अधिक थांबावे. मोठा छेद असेल तर महिना-दीड महिना धरावा. ज्यांची राज्य कामगार विमा योजनेत नोंद आहे, त्यांनी सुटी मिळतानाच विश्रांतीच्या तारखा दाखल्यावर लिहून घ्याव्यात. त्यावाचून आजारपणाचे पैसे अडतात.