खाऱ्या पाण्यांतील कोळसा

गोदाकांठचें नांदेड आणि मांजरेच्या खोऱ्यांतील लातूर हीं दोन्ही शहरें समुद्रापासून शेकडों किलोमीटर दूर आहेत. तरीहि कांचेच्या पेटींत सागरी मासे पाळावे, ही हौस येथील सुशिक्षित घरांसहि वाटणें साहजिक आहे. ज्या घरांत मासा पानांत येत नाहीं, त्या घरांतहि तो दिवाणखान्यांत पोहतांना पाहण्यास लहानथोर आनंदानें जमतात. १९५१ सालीं मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय उघडलें. तें समुद्राच्या अगदीं कांठीं होतें. आपल्याकडे मात्र समुद्र घरींच कालवावा लागतो. लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरांस साडेतीन किलो क्षार लागतात. आणि ते स्वयंपाकघरांतील मिठाचे नव्हेत, तर कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादि असलेल्या तयार सागरी मिश्रणाचे.

पेटी मांडून कांहीं आठवडे लोटले कीं पाण्यास पिवळसर झांक येते. उरलेलें खाद्य, माशांचा मळ व शेवाळ यांतून विरघळलेल्या द्रव्यांचा तो रंग होय. त्यावर ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे सक्रिय कोळसा, हा उत्तम उपाय आहे. कोळशानें द्रावणाचा रंग जातो, हें १७८५ सालीं लोविट्झ या रसायनज्ञास आढळलें होतें. नारळाच्या करवंटीचा कोळसा अतिशय तापवून त्यावर वाफ सोडली म्हणजे त्यास असंख्य सूक्ष्म छिद्रें पडतात. एका ग्रॅमांतील छिद्रांचा पृष्ठभाग सुमारें हजार चौरस मीटर भरतो! रंग व वास देणारीं द्रव्यें या पृष्ठभागास चिकटून राहतात. चुलींतील कोळशास ही शक्ति नसते.

परंतु पाणी स्फटिकासारखें झालें कीं गृहस्थ निश्चिंत होतो, आणि येथेंच घात होतो. माशांच्या उत्सर्गांतून निघणारा अमोनिया डोळ्यांस दिसत नाहीं, आणि कोळसा त्यास धरून ठेवीत नाहीं. त्याचें रूपांतर नायट्रेटमध्यें करणें हें वाळूंत व दगडांवर वाढणाऱ्या उपकारक जंतूंचें काम आहे. ते वाढावयास कित्येक आठवडे लागतात. तोंवर मासे आणण्याची घाई करूं नये, आणि परीक्षासंचानें पाणी तपासल्याखेरीज त्याच्या निर्मळपणावर विश्वासूं नये.

कोळसा वापरण्याची रीत सोपी आहे. तो प्रथम धुवून त्याची भुकटी काढावी, जाळीच्या पिशवींत भरावा व गाळणीच्या कापसानंतर ठेवावा. तीनचार आठवड्यांनीं तो बदलावा. उन्हांत वाळवून त्याची शक्ति परत येत नाहीं. माशांस औषध देतेवेळीं तो काढून ठेवावा, नाहींतर पुष्कळसें औषध तोच शोषून घेईल.

आतां मुख्य प्रश्न पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्यें लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडींत पांच लाख लिटर होतें. अशा मुलखांत ‘कोळसा आहे, मग पाणी बदलावयास नको’ हा विचार मोहक वाटतो. पण तो खोटा आहे. नायट्रेट सांचतच जातें, व तें काढण्यास ठराविक काळानें थोडें पाणी बदलावेंच लागतें. उन्हाळ्यांत बाष्प होऊन पाणी आटतें, मीठ मात्र मागें राहतें; म्हणून ती भर गोड्या पाण्यानेंच घालावी. नळाच्या पाण्यांतील क्लोरिन कोळशानें जातें, परंतु बोअरच्या पाण्यांतील क्षार जात नाहींत. त्यासाठीं आर. ओ. यंत्र लागतें, आणि तें बरेंचसें पाणी टाकून देतें. तें पाणी सांठवून फरशी पुसण्यास व संडासांत वापरावें.

ज्या कुटुंबास वैशाखांतहि एवढें पाणी बाजूस काढतां येईल, त्यानें ही हौस अवश्य करावी, व मासे थोडेच ठेवावे. ज्यास तें शक्य नाहीं, त्यानें कोळशाच्या भरंवशावर परक्या जिवांस घरांत आणूं नये, असें आम्हांस वाटतें.