कावीळ उतरते, पण सर्वांचीच नव्हे

‘कावीळ आपोआप उतरते’ असे लोक म्हणतात. ‘हेपॅटायटिस ए’ या विषाणूमुळे होणाऱ्या काविळीपुरते ते बरेचसे खरे आहे. मैला मिसळलेल्या पाण्यातून वा अन्नातून हा विषाणू पोटात जातो आणि दोन ते चार आठवड्यांनी यकृताला सूज येते. बहुतेक रोगी पुढे पूर्ण बरे होतात. ‘बी’ किंवा ‘सी’ प्रकारासारखा हा रोग शरीरात कायमचे ठाण मांडीत नाही. काविळीची माळ देणाऱ्याचे यश ते एवढेच! रोग आपल्या पायांनी जातो आणि नाव माळेचे होते.

पण या भरवशातच धोका आहे. काहींची कावीळ तीन महिन्यांहून अधिक रेंगाळते. पित्ताचा निचरा नीट होत नाही, अंगाला खाज सुटते. काहींचे दुखणे बरे वाटल्यानंतर काही आठवड्यांनी उलटते. हे दोन्ही प्रकार त्रासाचे खरे, पण बहुधा बरे होणारे. उलटलेल्या दुखण्यात विषाणू पुन्हा शौचावाटे पडू लागतो, म्हणून हात धुण्याची शिस्त सोडू नये.

तिसरा प्रकार मात्र प्राणावर बेततो. यकृत एकाएकी निकामी होते. असे शंभरात एकालाही होत नाही; परंतु पन्नाशी उलटलेल्यांना आणि आधीच यकृत बिघडलेल्यांना हा धोका अधिक. रोगी दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो. उलट्या थांबत नाहीत. हिरड्यांतून वा नाकातून रक्त येते. अशा वेळी काढा नको, माळ नको. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. काहींना यकृतरोपणावाचून दुसरा उपाय उरत नाही.

भ्रमिष्ट झालेल्या माणसाला आपला भ्रम कळत नाही. म्हणून ही चिन्हे घरच्यांनी आणि सोबत काम करणाऱ्यांनी ओळखावयाची आहेत. रोजंदारीवरच्या माणसाला घरी बसणे परवडत नाही, हे आम्ही जाणतो; तरीही अंगात शक्ती येईतो त्याला विश्रांती मिळालीच पाहिजे. दारू पूर्ण वर्ज्य; पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

या रोगावर लस आहे. ती जरूर घ्यावी. पण गटाराशेजारून जाणारी फुटकी नळवाहिनी एकट्याने दुरुस्त होत नाही. त्यासाठी सगळ्या वस्तीने मिळून नगरपालिकेच्या दारात उभे राहावे लागते. औषधाइतकेच तेही आरोग्याचे काम आहे, असे आम्ही मानतो.