समाजमंदिरात आवाज घुमतोय? नवा स्पीकर घेण्याआधी भिंतींकडे बघा

ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली जाते आणि मागच्या रांगेतली आजी शेजारणीला विचारते, "माझं नाव आलं का गं?" शेजारणीलाही कळलेलं नसतं. आवाज मोठा असतो, पण शब्द कळत नाही. मग मोठा स्पीकर घ्यायचं ठरतं. वर्गणी निघते, दोन दणदणीत बॉक्स येतात आणि गोंगाट तेवढा वाढतो. बहुतेक ठिकाणी दोष स्पीकरचा नसून खोलीचा असतो.

आवाज का घुमतो?

आपल्याकडची समाजमंदिरं आणि सभामंडप साधारण एकाच पद्धतीचे. खाली फरशी, वर स्लॅब, चारी बाजूंनी प्लास्टर. अशा ठिकाणी आदळलेला आवाज जवळजवळ सगळाच परत फिरतो. आवाज सेकंदाला साधारण १,१२५ फूट जातो. म्हणजे ३० फुटी हॉलमध्ये तो एका सेकंदात या भिंतीवरून त्या भिंतीवर पस्तीसेक वेळा जातो. पहिला शब्द विरायच्या आत दुसरा-तिसरा येतो आणि सगळ्यांची खिचडी होते. व्हॉल्यूम वाढवला की शब्दाबरोबर घुमणंही तेवढंच वाढतं.

हे कोडं १८९५ च्या सुमारास अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सबाइन यांनी सोडवलं. तिथल्या नव्या व्याख्यान-खोलीत बोललेलं कळत नव्हतं. सबाइन यांनी दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवल्या आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. गाद्या वाढल्या तसा वेळ कमी झाला. आजही त्यांचंच सूत्र वापरतात.

आपल्या हॉलचा हिशेब

हॉल २० बाय ३० फूट, उंची १० फूट धरू. त्या सूत्राने अंदाजे असं गणित येतं:

- रिकामा हॉल, दारं-खिडक्या बंद: आवाज विरायला ५ सेकंद
- एक दार, चार खिडक्या उघड्या: २ सेकंदांच्या थोडं वर
- दार-खिडक्या उघड्या आणि २० माणसं बसलेली: सव्वा सेकंदाच्या वर
- वरच्यासारखंच, पण ६० माणसं: पाऊण सेकंद

बोलणं नीट कळायला हा वेळ एक सेकंदाच्या आत हवा. बसलेला एक माणूस साधारण चार-साडेचार चौरस फूट उघड्या खिडकीइतका आवाज गिळतो. म्हणून भरल्या हॉलमध्ये कीर्तन छान वाटतं आणि वीस जणांच्या सभेत काही कळत नाही.

कमी खर्चात काय करता येईल?

सभा सुरू होण्याआधी खिडक्या उघडा. बाहेर गेलेला आवाज परत येत नाही.

वक्त्यासमोरची, म्हणजे मागची भिंत आधी झाका. जाड गोधड्या किंवा जाड पडदे चुण्या पाडून, भिंतीपासून तीन-चार इंच सोडून टांगा. मागची भिंत आणि बाजूची थोडी धरून २०० चौरस फूट झाकलं, तर वीस माणसांच्या सभेतही आवाज विरायचा वेळ एक सेकंदाच्या आत येतो. सतरंजी अंथरल्यानेही फरक पडतो, पण ती पातळ असल्याने थोडाच.

अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल मात्र लावू नका. आवाज फारसा थांबत नाही आणि आग लागली तर ते झटकन पेट घेतात.

स्पीकर कोणता, कुठे?

दुकानात पहिला प्रश्न वॅटचा असतो. पण वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला तो जरासाच मोठा वाटतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा स्पीकरवर लिहिलेली सेन्सिटिव्हिटी बघा. ती ३ डेसिबलने जास्त असेल, तर निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज मिळतो.

नुसत्या भाषणासाठी कॉलम स्पीकर बरा. एकाखाली एक लहान स्पीकर असल्याने त्याचा आवाज बाजूला पसरतो, छताकडे कमी जातो. तो उभाच लावायचा. आडवा लावला तर उलटं होतं. भजनात पखवाज असेल, तर आठ किंवा दहा इंची स्पीकरचे दोन बॉक्स पुरतात. भोंगा मैदानासाठी आहे, हॉलमध्ये नको.

स्पीकर भिंतीला टेकवून किंवा कोपऱ्यात ठेवला की आवाज जड होतो. थोडा पुढे, सहा-सात फूट उंचीवर, तोंड श्रोत्यांकडे झुकवून लावा. माईक स्पीकरच्या मागच्या बाजूला राहू द्या, म्हणजे शिट्टी मारणार नाही. बोलताना माईक तोंडापासून चार बोटांवर धरा. अॅम्प्लिफायरवरचं एकोचं बटण शून्यावर आणि भाषणाला बास कमी ठेवा.

पैसे देण्याआधी एक चाचणी

दुकानातला आवाज ऐकून सौदा करू नका. स्पीकर एक दिवस हॉलवर आणायला सांगा. पंधरा-वीस जण बसवा. एकाने माईकवर वीस अनोळखी नावं सावकाश वाचायची, मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी ती कागदावर लिहायची. त्यात वयस्कर माणूस असलाच पाहिजे. मग गोधड्या टांगून, जुन्याच स्पीकरवर, दुसरी वीस नावं घेऊन हीच चाचणी करा. कागद शेजारी ठेवले की वर्गणी कशावर खर्च करायची ते कुणाला वेगळं सांगावं लागणार नाही.