जुन्या गाडीचा नोझल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तुळजापूरचा घाट चढताना ज्या जुन्या जीपच्या मागे काळ्या धुराचा लोट उठतो, किंवा गळीत हंगामात रांजणीच्या साखर कारखान्याकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा जो ट्रॅक्टर चढावर धापा टाकू लागतो, त्याच्या मालकाला चहाच्या टपरीपासून गॅरेजपर्यंत एकच निदान ऐकायला मिळते : ‘नोझल गेले.’ हे निदान कधी कधी खरेही ठरते. परंतु तपासाआधी शिक्षा फर्मावण्याची जी रीत आपल्याकडे रूढ झाली आहे, तिच्यापायी निर्दोष नोझल उतरवले जातात, अनभिज्ञ हातांनी घासले जातात, आणि मूळ दोष गाडीतच राहून मालकाची रक्कम मात्र खर्ची पडते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. कोंडून तापलेल्या हवेत नोझलने तेलाचा सूक्ष्म तुषार नेमक्या क्षणी सोडला, की तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल यांनी आपल्या पहिल्या इंजिनात हे तेल दाबाखालील हवेच्या झोताने आत फुंकले होते, आणि त्यासाठी स्वतंत्र, अवजड यंत्र बाळगावे लागे. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ साली तेल दाबून सोडणाऱ्या पंपांचे नियमित उत्पादन सुरू झाले, तेव्हा कुठे हे इंजिन रस्त्यावरच्या गाडीला पेलवेल असे झाले. आपल्याकडे असे पंप बनवणारी मोटर इंडस्ट्रीज कंपनी १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झाली. तिचे ‘मायको’ हे संक्षिप्त नाव मिस्त्र्यांच्या तोंडी इतके बसले, की २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश झाल्यावरही जुना पंप मायकोचाच राहिला.

पहिला आणि सर्वांत दृढ गैरसमज धुराचा. काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले तेल, एवढेच सत्य आहे. ते अर्धवट का जळाले, याची कारणे अनेक. सोयाबीनच्या मळणीत आणि कच्च्या रस्त्यांवर वावरणाऱ्या गाडीचा एअर क्लीनर धुळीने गच्च झाला असेल, तर नोझल कोरा करकरीत असूनही धूर काळाच येणार; आणि ‘पिकअप वाढवून द्या’ या मालकाच्याच आग्रहावरून कोणी पंपातून तेल वाढवून दिले असेल, तरीही तोच परिणाम होणार. निळसर धूर जळत्या इंजिन ऑइलची साक्ष देतो, त्याच्याशी नोझलचा सहसा संबंध नसतो. पांढरा धूर मात्र न जळालेल्या तेलाचा असू शकतो, आणि तो थेंब गाळणाऱ्या नोझलमुळे जसा येतो, तसाच कमी झालेल्या कॉम्प्रेशनमुळे किंवा बिघडलेल्या टायमिंगमुळेही येतो. म्हणून आधी हवा पाहावी, मग फिल्टर, मग पंप, आणि सरतेशेवटी नोझल, हा क्रम मला न्याय्य वाटतो.

नोझलची खरी परीक्षा हातपंपाच्या टेस्टिंग मशीनवर होते, डोळ्यांनी पाहून होत नाही. थेट सिलिंडरमध्ये तेल सोडणाऱ्या जुन्या इंजिनांत हा नोझल साधारणतः २०० बारच्या आसपास, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दोनशेपट दाबाला उघडतो. नेमका आकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेला असतो, आणि स्प्रिंगवरची पातळ शिम बदलून तो जुळवून घेता येतो. फवारा धुक्यासारखा बारीक पडतो की धार लागते? उघडण्याच्या दाबापेक्षा थोड्या कमी दाबावर दहा सेकंद धरून ठेवले असता टोक कोरडे राहते की थेंब धरते? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून ‘नोझल गेले’ असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. ही परीक्षा आपल्या समक्ष करून घ्यावी, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा एकदा करावयास सांगावी.

दुसरा गैरसमज सफाईचा. टाचणीने छिद्रे कोरावीत, पॉलिश पेपरने आतली सुई चकचकीत करावी, की नोझल नवा होतो, असे मानणारे अजूनही आहेत. ती छिद्रे मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांइतकी बारीक, आणि सुई व तिचे घर यांतील फट अवघी दोन ते चार मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीचाही अल्पसा अंश! तिथे पॉलिश पेपर फिरवणे म्हणजे हानीच करणे होय. सुई आणि घर ही कारखान्यात एकमेकांशी जुळवलेली जोडी असते. चार नोझल एकदम उघडून सुया एका ताटलीत एकत्र केल्या, तर चारही निकामी होण्याची धास्ती. पितळी ब्रश, स्वच्छ डिझेल आणि छिद्राच्या मापाची तार, एवढीच आयुधे येथे योग्य. आणि बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवा घालावा, जुना पुन्हा दडपू नये.

तिसरा गैरसमज बाटलीचा. टाकीत औषध ओतले की नोझल साफ, ही समजूत अर्धसत्य आहे. चांगले द्रव मऊ काजळी हळूहळू सोडवू शकते, पण सुई जिथे टेकते ती झिजलेली सीट किंवा गंजलेली सुई कोणतीही बाटली पूर्ववत करीत नाही. उलट जुन्या टाकीच्या तळाचा गाळ सुटून फिल्टर तुंबण्याचा संभव असतो. रॉकेल मिसळण्याचा उपाय तर सर्वथा त्याज्य, कारण पंपाचे आणि नोझलचे वंगण म्हणजे खुद्द डिझेलच, आणि रॉकेल ते वंगणत्व कमी करते. वास्तविक नोझलचा खरा वैरी पाणी होय. शेतावरच्या उघड्या बॅरलमध्ये रात्रीच्या गारव्याने दव धरते, ते तळाशी साचते, आणि तेच तेल आपण ट्रॅक्टरमध्ये ओततो. सुईला लागणारा गंज तेथून सुरू होतो.

जुन्या गाडीचे शहाणपण नव्या गाडीला लावणे, हा शेवटचा आणि घातक गैरसमज. मिसिंग मारणारा सिलिंडर शोधण्यासाठी चालू इंजिनात एकेका पाइपचे नट सैल करून पाहण्याची जी पद्धत जुन्या पंपांवर चालते, ती नव्या कॉमन रेल गाडीवर कदापि करू नये. तेथे दाब हजार बारच्याही पुढे जातो. गाडी जुनी असो वा नवी, फवाऱ्याखाली तळहात धरून कोणी परीक्षा करू नये. तेल कातडी भेदून आत शिरते, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि तरीही तत्काळ शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. असे घडलेच, तर मलमपट्टीत वेळ न दवडता थेट मोठे रुग्णालय गाठावे, आणि आत डिझेल शिरले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

हंगाम सुरू होण्यापूर्वी टाकीच्या तळाचे पाणी काढा, डिझेलचे फिल्टर बदला, एअर क्लीनर उघडून पाहा. आणि एवढे करूनही धूर कायम राहिला, तरच नोझल उतरवा.