मेंदूतील तारेचा ठाव

कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत खोलवर बसविण्यात येणारी तार जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची असते. तिच्या टोकाशी बहुधा धातूची चार कडी असतात व प्रत्येक कडे सुमारे दीड मिलिमीटर लांबीचे असते. त्यांपैकी कोणत्या कड्यातून वीज सोडावी हे ठरविण्यापूर्वी ते मेंदूच्या कोणत्या भागात आहे हे कळणे आवश्यक असते. नेहमीचे लक्ष्य म्हणजे सबथॅलॅमिक केंद्रक. ते बदामाच्या आकाराचे, परंतु अवघ्या काही मिलिमीटरांचे असते. तार थोडी बाहेरच्या अंगाला गेली, तर शेजारच्या तंतूंच्या जुडग्यात वीज शिरते. चेहरा वा हात आखडतो, वाणी अडखळते. हाताचा कंप थांबला पण बोलणे कळेनासे झाले, तर त्या उपचाराला यश म्हणणे कठीणच.

कवटीच्या बाह्य आकारावरून आतील केंद्रकाचा ठाव लागत नाही. 1947 साली फिलाडेल्फियात स्पीगेल व वायसिस यांनी माणसाच्या डोक्यावर बसणारी मोजमापाची चौकट वापरली. मेंदूतील द्रवाच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्र घेत आणि पोकळ्यांच्या कडांपासून अंतरे मोजीत. मद्रासला रामामूर्ती व बालसुब्रमण्यम यांनीही चौकटीच्या आधारे अशा शस्त्रक्रिया केल्या. तथापि त्या काळी रोगग्रस्त यंत्रणेतील एखादा बिंदू नष्ट करण्यात येई. मेंदूत तार कायम ठेवून वीज देण्याच्या आजच्या पद्धतीचा पाया 1987 साली ग्रनोब्ल येथे बेनाबिद यांनी घातला. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात ही शस्त्रक्रिया अनेक वर्षे होत आली आहे.

तार शोधण्यातील खरी अडचण चित्रांचीच आहे. सीटी स्कॅनमध्ये धातू लखलखीत दिसतो, पण केंद्रक दिसत नाही. एमआरआयमध्ये केंद्रक दिसते. मात्र धातूमुळे चुंबकीय क्षेत्र विस्कटते आणि तारेच्या जागी तिच्याहून कितीतरी जाड काळा डाग उमटतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचा एमआरआय व नंतरचा सीटी स्कॅन संगणकाने एकमेकांवर बसवितात. चकाकणाऱ्या ठिपक्याचा मध्य हाच तारेचा मध्य मानतात.

पण मेंदू स्थिर कोठे असतो? कवटीला छिद्र पाडताच थोडा द्रव ओघळतो, आत हवा शिरते आणि मेंदू किंचित खचतो. पुढे काही आठवड्यांत हवा विरते, मेंदू पूर्वस्थितीला येतो आणि कवटीशी जखडलेल्या तारेला बाक येतो. पहिल्याच दिवशी घेतलेल्या चित्रावर म्हणूनच सर्वस्वी विसंबणे योग्य नव्हे. अखेरीस एकेका कड्यातून वीज सोडून रुग्णाचा हात, डोळे व बोलणे पाहिले जाते.